आधी तेल, मग वाट, शेवटी माल: विनाशानंतरच्या जगातला ट्रकवाला व्यापारी कसा उभा करायचा

विनाशानंतरच्या जगात घडणाऱ्या रोलप्लेइंग खेळात (टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या गोष्टीत) ट्रक घेऊन फिरणारा व्यापारी आणायचा मोह प्रत्येक गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला होतो, आणि बहुतेकांचा व्यापारी तिसऱ्या सेशनच्या, म्हणजे बैठकीच्या आत मरतो. माझाही मेला. खेळाडूंनी विचारलं, "काय काय आहे?" मी चाळीस वस्तूंची यादी वाचून दाखवली. दीड तास खरेदीत गेला. मग एकीनं सहज विचारलं, "एवढा ट्रक फिरवतो हा, डिझेल कुठे भरतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सेशनला त्यांनी त्याला गोळी घातली. त्यांचंही चुकलं नाही. मी त्यांच्यासमोर चाकांवरचा खजिना आणून ठेवला होता आणि राखायला एक म्हातारा.

गडबड क्रमात होती. आपण आधी मालाची यादी करतो, मग त्या यादीभोवती ट्रक काढतो, रस्ता तर काढतच नाही. खालचे टप्पे बरोबर उलट्या क्रमानं आहेत. एखादा गाळलात तर बहुधा तिथेच खेळ फसेल.

सामान फार लागत नाही. एक मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर, सहा बाजूंचे दोन फासे, पत्त्याएवढी वीसेक कोरी कार्डं आणि निवांत दोन तास. तुमची नियमावली कोणतीही असो. फाशांचे आकडे मी दोन फाशांच्या बेरजेवर दिलेत, ते आपापल्या पद्धतीत बसवून घ्या.

## टप्पा १: विनाशाला किती वर्षं झाली ते लिहा

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एकच आकडा लिहा. बाकी सगळं त्यावर उभं राहतं, कारण इंधन शिळं होतं. साठवलेलं पेट्रोल सहा महिने ते वर्षभरात बिघडायला लागतं. डिझेल थंड आणि बंद टाकीत थोडं जास्त टिकतं, पण टाकीच्या तळाशी पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि तो गाळ फिल्टर तुंबवतो. म्हणजे विनाशाला २० वर्षं झालेल्या जगात "जुन्या पंपावर डिझेल सापडलं" हे वाक्य तुमच्या तोंडून निघता कामा नये.

मग ट्रक कशावर चालतो? दोनच पर्याय धरा.

खाद्यतेल. जुन्या पद्धतीच्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला गाळलेलं वनस्पतीतेल चालतं, मात्र ते आधी तापवून पातळ करावं लागतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि इंजिन रुसतं. संगणकानं चालणारी नवी इंजिनं असल्या तेलावर फार दिवस जगत नाहीत. म्हणून व्यापाऱ्याचा ट्रक जुना असतो. तो गरिबीपायी नाही, मुद्दाम जुना निवडलेला असतो.

लाकडाचा गॅस. बंद भट्टीत लाकूड अर्धवट जाळून निघणारा वायू इंजिनाला द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाखो गाड्या अशा धावल्या, त्यामुळे खेळाडूंनी "हे शक्य आहे का?" विचारलं तर बिनधास्त हो म्हणा. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण ३ किलो वाळलेलं लाकूड लागतं. ताकद तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त घटते आणि सकाळी भट्टी पेटवण्यात वेळ जातो. ओलं लाकूड घातलं तर डांबर धरतं. शिवाय डिझेल इंजिन नुसत्या या गॅसवर चालत नाही. त्यात ठिणगीची सोय नसते, पेट घ्यायला थोडं तेल लागतंच.

> इशारा: या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो माणूस मारतो. शहाणा ट्रकवाला भट्टी कधी छपराखाली किंवा ताडपत्रीच्या आत थंड होऊ देत नाही. खेळाडूंना एखाद्या शेडमध्ये उभा ट्रक दाखवा. माल जागच्या जागी, माणसं झोपल्यासारखी मेलेली, अंगावर जखम नाही. माझ्या टेबलावर एक पूर्ण सेशन विष कोणी घातलं याच्या तपासात गेलं.

## टप्पा २: एका फेरीला किती तेल लागतं ते मोजा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे टाळतात. पण खेळाची अर्थव्यवस्था इथेच तयार होते.

मध्यम आकाराचा, ५ टन माल नेणारा ट्रक घ्या. उखडलेल्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये, तो लिटरला २ किलोमीटर देतो असं धरा. फेरी २४० किलोमीटरची असेल तर १२० लिटर तेल.

आता हे तेल अन्न म्हणून मोजा. एक लिटर खाद्यतेलात सुमारे ८,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसाला २,००० धरल्या तर एका माणसाचे चार दिवस. १२० लिटर म्हणजे ४८० दिवस. १६ माणसांचं महिन्याभराचं अन्न जाळून ट्रक एक चक्कर पूर्ण करतो.

हा आकडा मी एकदा टेबलावर मोठ्यानं वाचला आणि सगळे गप्प झाले. तोपर्यंत ट्रक म्हणजे नुसती गाडी होती. त्यानंतर प्रत्येक वळसा, प्रत्येक "जरा मागे जाऊन बघू या" यांना किंमत आली.

शेतीच्या बाजूनंही पाहा. खत-औषधांशिवाय सूर्यफुलाचं हेक्टरी ४०० लिटर तेल निघतं असं धरलं तर एका एकरात साधारण १६० लिटर. म्हणजे एक फेरी ही साधारण पाऊण एकर पीक. ते एकर कोणाचं? त्या एकरावर ज्वारी-गहू न पेरता सूर्यफूल पेरायला कोणी कबूल का झालं? या दोन प्रश्नांची उत्तरं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या ट्रकवाल्याचा खरा मालक बहुधा त्या उत्तरात सापडेल.

यापुढे भाव मोजायला हेच माप वापरा. एका मोठ्या माणसाचं एका दिवसाचं अन्न म्हणजे १ शिधा. एक लिटर तेल म्हणजे ४ शिधे.

> तपासा: कागदावर आतापर्यंत चार गोष्टी हव्यात. वर्ष, इंधन, फेरीचा तेलखर्च, आणि तेल देणारी वस्ती. मालाचं नाव एकही नको. असेल तर खोडा.

## टप्पा ३: वाट काढा

कागदावर पाच ते सात ठिपके द्या आणि बंद वळसा काढा. सरळ जा-ये नको, वळसाच. सरळ वाटेवर परतताना ट्रक रिकामा धावतो आणि रिकाम्या धावेचं तेलही कोणाच्या तरी ताटातूनच जातं.

प्रत्येक ठिपक्याशी तीनच गोष्टी लिहा: इथे काय जास्त आहे, काय कमी आहे, आणि ट्रक आला नाही तर कितव्या आठवड्यात त्रास सुरू होतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मिठाच्या खाणीकडे धान्य संपायला सहा आठवडे, दवाखाना चालवणाऱ्या वस्तीला स्पिरिट संपायला तीन, असं. ज्या ठिपक्यापुढे हा आकडा लिहिताच येत नाही, तिथे ट्रक कशाला थांबेल? खोडून टाका.

वेग कमी ठेवा. खड्डे, पडलेली झाडं, ओढ्यात वाहून गेलेला रस्ता. ताशी १०-१५ किलोमीटर पुष्कळ झाले. दिवसाला ५० ते ६०. म्हणजे २४० किलोमीटरला चार-पाच दिवस चाल आणि प्रत्येक मुक्कामी दीड दिवस. सगळी फेरी साधारण १४ दिवसांची.

मग वाटेवर तीन खुणा करा.

- पूल. भरलेला मध्यम ट्रक सहज ९-१० टनांचा. वीस वर्षं कोणी हात न लावलेल्या पुलावर ते वजन घालायचं की माल उतरवून माणसांच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा, हा निर्णय प्रत्येक फेरीला घ्यावा लागतो.
- चढ. ट्रक चालत्या माणसाइतका हळू होतो ती जागा. लुटारूंनाही ती माहीत असते.
- पावसात बंद होणारा भाग. वर्षातले कोणते महिने फेरी अर्धीच होते ते इथे ठरतं, आणि पावसाआधीच्या शेवटच्या फेरीला भाव का चढतात तेही.

> नेहमीची चूक: बैलगाडीनं होणारं काम ट्रकला देणं. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते, गवत खाते आणि सुटे भाग मागत नाही. दोन वस्त्या एका दिवसाच्या अंतरावर असतील आणि माल थोडा असेल तर तिथे ट्रक हरतो. ट्रक फक्त दोन ठिकाणी जिंकतो: माल टनांनी असेल तेव्हा, किंवा मधली वाट इतकी कोरडी असेल की जनावर पाण्यावाचून मरेल.

## टप्पा ४: ट्रकचं कार्ड

एक कार्ड घ्या, त्यावर सहा ओळी: टायर, बॅटरी, ब्रेक, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), रेडिएटर, फिल्टर. प्रत्येकापुढे तीन चौकोन. हेच ट्रकचं आयुष्य. एकूण जीवांक (किती मार सोसतो त्याचा एकच आकडा) वगैरे देऊ नका, तो गोळीबारासाठी ठीक आहे, पण ट्रक मरतो तो गोळीनं कमी आणि हळूहळू जास्त.

चालीच्या प्रत्येक टप्प्याअखेर दोन फासे टाका. २ ते ४ आलं तर काहीतरी गेलं. एक फासा टाकून कोणती ओळ ते ठरवा आणि एक चौकोन भरा. ही शक्यता सहात एक. सहा टप्प्यांच्या फेरीत सरासरी एक चौकोन भरतो. जास्त भार असेल तर बेरजेतून १ वजा करा. तेवढ्यानं शक्यता सहात एकवरून चारात एकच्याही वर जाते. खेळाडूंना हे सांगू नका, ड्रायव्हरला सांगू द्या: "अजून चार पोती चढवलीत तर पाट्यांचं पाप तुमच्या माथी."

तिन्ही चौकोन भरले की त्या ओळीचं काम बंद. प्रत्येक ओळ वेगळी दुखते:

टायर न वापरताही म्हातारे होतात. रबर कडक होऊन तडकतं. वीस वर्षं गोदामात राहिलेला "कोरा" टायर भरल्या ट्रकखाली फुटतो. म्हणून वेग कमी, आणि म्हणून जोडकाम केलेला टायर हा दागिन्यासारखा जपतात.

बॅटरी उतरलेली पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. त्यामुळे माझ्या जगातला ट्रकवाला गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून लावतो. सकाळी दगड काढायचे, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. ही एकच सवय दाखवा, खेळाडू लांबूनच ओळखतात की ट्रक चालता आहे. सपाटीवर उभा ट्रक म्हणजे काहीतरी बिनसलंय.

ब्रेकची एक गोम. मोठ्या ट्रकना हवेचे ब्रेक असतात आणि त्यांत सहसा हवा संपली की स्प्रिंग मागची चाकं जखडून टाकते. अशी गाडी रात्रभरात हवा सोडून बसली तर उतारही कामाचा नाही. उतारावर लावायची सवय ठेवायची असेल तर तेलाच्या ब्रेकची गाडी द्या, नाहीतर हातपंपानं हवा भरणारं क्लीनर पोरगं द्या. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. पहाटेची ती धापा टाकणारी आकृती खेळाडू विसरत नाहीत.

पाटे, रेडिएटर, फिल्टर यांवर फार लिहीत नाही. पाटा मोडला तर लाकूड बांधून पुढच्या वस्तीपर्यंत जाता येतं. रेडिएटर गळला तर पिण्याचं पाणी त्यात जातं, आणि भांडण तिथून सुरू होतं.

## टप्पा ५: माणसं

पाच जण पुरे: ड्रायव्हर, मिस्त्री, वहीवाली, राखणदार, क्लीनर. प्रत्येकाला एक हवंसं आणि एक लपवलेलं द्या, एका ओळीत. मिस्त्रीला चष्मा हवाय आणि दिसत नाही हे तो लपवतोय. एवढं बास.

सौदा ड्रायव्हर करत नाही. हे आवर्जून पाळा. सौदा वहीवाली करते, ड्रायव्हर नुसता "निघायला उशीर होतोय" म्हणत राहतो. दोन तोंडं असली की तुम्हाला घासाघीस खेळवणं सोपं जातं आणि खेळाडूंना एकाला दुसऱ्याविरुद्ध फिरवायची संधी मिळते.

## टप्पा ६: आता माल

बारा कार्डं. जास्त नाहीत. त्यांच्या तीन थप्प्या करा.

बांधील माल, सहा कार्डं. आधीच कोणाला तरी कबूल केलेला, जड, कंटाळवाणा. मीठ, धान्य, लोखंडी पट्ट्या, दोर, चुना. हौद्याचा बहुतेक भाग यानं भरलेला. तो विकायचा नसतो.

चालू माल, चार कार्डं. सुया आणि दोरा, झाकणाच्या काचेच्या बरण्या, जुने चष्मे, करवतीची पाती. लहान, टिकाऊ, वस्तीत बनवता न येणारं.

पेटीतला माल, दोन कार्डं. दुर्मीळ. यातलं एक तरी आधीच कोणाचं तरी असू द्या.

वस्तू निवडताना एकच प्रश्न: ही १४ दिवस हादरे, धूळ आणि ऊन सोसून पोचेल का? इन्सुलिन थंडाव्याशिवाय काही आठवड्यांपलीकडे भरवशाचं राहत नाही. ते ट्रकवर असेल तर घाई आपोआप येते. बियाण्यात वेगळी फसगत आहे. संकरित वाणाचं पीक घेऊन त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं सारखी येत नाहीत. ज्या ट्रकवाल्यानं असं बी विकलं त्याला वर्षभरानंतर त्या वस्तीच्या फाटकातून आत घेत नाहीत, आणि त्याला स्वतःला कारण ठाऊकही नसतं. खेळाडूंच्या हाती द्यायला हे फार सुंदर प्रकरण आहे.

> नेहमीची चूक: गोळ्या आणि बंदुकांनी हौदा भरणं. मग ट्रक म्हणजे शस्त्रागार आणि खेळाडू म्हणजे लुटारू. शस्त्र असेल तर राखणदाराच्या खांद्यावर, मालात नको.

## टप्पा ७: भाव

फेरीचा खर्च शिध्यात मांडा. तेल ४८०. पाच माणसं १४ दिवस, ७०. झीज आणि वाटेतले देणंघेणं मिळून ५० धरा. एकूण ६००.

आता ४ टन मीठ नेलं तर किलोमागे वाहतूक पडते ०.१५ शिधा. म्हणजे एका शिध्यात साडेसहा किलोच्या थोडं वर मीठ सगळी वाट पार करतं. तोच ट्रक ४०० किलो घेऊन निघाला तर किलोला दीड शिधा, दहापट. अर्धा भरलेला ट्रक निघतच नाही, वाट बघत थांबतो. खेळाडूंना घाई असेल तर त्यांना पोती भरायला लावा.

टेबलावर मात्र गणित करू नका. तीनच भाव ठेवा. वाहतुकीचा खर्च आणि थोडं वर हा पडता भाव. गरज असलेल्या वस्तीत त्याच्या दुप्पट. आणि टप्पा ३ मधला आठवडा उलटून गेला असेल तर चौपट. घासाघिशीला प्रत्येक पात्राला एकदाच फासे टाकू द्या: ९ किंवा वर आलं तर भाव एक पायरी उतरतो, ४ किंवा खाली आलं तर वहीवाली तो माल ताडपत्रीखाली ढकलते. ९ वर यायची शक्यता ३६ मध्ये १०. फार उदार नाही, पण तसंच असावं.

## टप्पा ८: उधारीची वही

इथे घाई करू नका. दोन तासांतला अर्धा तास या टप्प्याला ठेवा.

एका कागदावर सहा नोंदी लिहा. कोण, काय नेलं, काय द्यायचं, केव्हापर्यंत, आणि नाही दिलं तर काय. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर नोंद मेलेली आहे. "पुलाकडची वस्ती. दोन पोती मीठ नेलं. पुढच्या फेरीला ३० लिटर तेल. नाही दिलं तर पाटेकाम त्यांच्या लोहाराकडून फुकट." एक नोंद ट्रकवाल्याच्या नावावर असू द्या, म्हणजे तोच कोणाचा तरी देणेकरी. सातवी जागा खेळाडूंसाठी मोकळी.

माझा पहिला व्यापारी का मेला ते मला या टप्प्यावर कळलं. त्याला कोणाचं काही देणं नव्हतं, कोणाकडून येणं नव्हतं. त्याच्या मरणानं कुठल्याही वस्तीची चूल विझली नाही. ट्रक पळवणाऱ्याला ट्रक मिळाला, संपलं. वही असती तर ट्रक पळवणाऱ्याच्या हाती ४० लिटर तेल आणि सहा वस्त्यांचा राग आला असता, कारण वाटेवरचं तेल ओळखीच्या तोंडालाच मिळतं.

> तपासा: वहीतली कोणतीही एक नोंद खोडून पाहा. कुठल्या तरी वस्तीला फरक पडतो का? पडत नसेल तर ती नोंद बदला.

## टप्पा ९: टेबलावर आणा

क्रम पाळा: आवाज, वास, गर्दी, बातमी, वजनकाटा, सौदा. सौदा सगळ्यात शेवटी.

ट्रक दिसायच्या आधी ऐकू येऊ द्या. वनस्पतीतेलाच्या धुराला तळणीचा वास येतो. उपाशी वस्तीत तो वास पोचला की पोरं धावतात. ट्रक उतारावर लागतो, क्लीनर चाकांखाली दगड सरकवतो. मग बातमी: मागच्या वस्तीत काय घडलं. ट्रकवाल्याचा सगळ्यात खपणारा माल हाच आणि तो फुकट असतो, म्हणून त्यात एखादी खोटी बातमी मिसळून द्या.

काटा विसरू नका. अनोळखी माणसांत वजनावरूनच पहिली ठिणगी पडते. वहीवाली तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारख्याच दोन रिकाम्या बाटल्या ठेवते, एकीत लिटरभर पाणी ओतते. लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे दोन्ही बाजूंना मान्य. मग दुसऱ्या पारड्यात बाटलीशेजारी वस्तीचं किलोचं वजन ठेवून बघतात. ते जरा कमी भरतं. सगळे एकमेकांकडे बघतात. इथे थांबा आणि खेळाडूंना बोलू द्या.

सौदा असा जातो:

"ती लाल पेटी दाखवा."

"ती विकायची नाही."

"दुप्पट देतो."

"पोरा, दुप्पट तू आज देशील. पुलाकडची माणसं मला दर फेरीला तेल देतात."

"आमचा माणूस तापानं फणफणलाय, बाई."

ती वही उघडते. "पुलापर्यंत राखणीला चला. माझा माणूस पाय मोडून बसलाय. पेटी त्यांची आहे, त्यांच्याकडे मागा. मी शब्द टाकीन."

बघा, खरेदी झालीच नाही, पण तीन सेशनचं काम मिळालं. यादी वाचली असती तर हेच "औषधाच्या गोळ्या, ३० शिधे, घ्या" असं आटपलं असतं. सगळ्या प्रसंगाला वीस-पंचवीस मिनिटं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला की बाजार बंद, कोणाची खरेदी राहिली तर राहिली.

## टप्पा १०: हल्ला झालाच तर

प्रत्येक फेरीला दरोडा घालू नका; चारात एकदा पुरे. रोज लुटल्या जाणाऱ्या वाटेवर कोणी ट्रक घालेलच कशाला? हल्ला चढावर, ओढ्यात किंवा लाकूड भरायच्या थांब्यावर होतो, सपाट मोकळ्या रस्त्यावर नाही. आणि लुटारूंनाही चालता ट्रक हवा असतो, म्हणून ते टायरवर गोळी घालत नाहीत.

खेळाडूच लुटारू झाले तर अडवू नका. ट्रक त्यांना मिळू द्या. मग कार्ड त्यांच्यासमोर ठेवा, सहा ओळी, भरलेले चौकोन. तेल कुठे मिळतं विचारलं तर वही द्या. माझ्या दुसऱ्या गटानं ट्रक पळवला, नऊ दिवस चालवला, आणि दहाव्या दिवशी फिल्टर तुंबला तेव्हा पळून गेलेल्या मिस्त्रीला शोधायला निघाला. त्याला चष्मा आणून देऊन मनवलं. पुढची अख्खी मोहीम त्यातून निघाली.

## टप्पा ११: सेशननंतरची दहा मिनिटं

हे लगेच करा, आठवड्यानं आठवत नाही. ट्रकच्या कार्डावर चौकोन भरा. विकलेली कार्डं काढा आणि त्या वस्तीतून चढलेला माल घाला. बाराच्या वर जाऊ नका. वहीत पूर्ण झालेल्या नोंदींवर रेघ मारा, नवी एक लिहा. वाटेवर ट्रकची जागा पेन्सिलीनं पुढे सरकवा, खेळाडू तिथे असोत वा नसोत. आणि प्रत्येक ठिपक्यापुढचा आठवड्यांचा आकडा कमी करा. कुठला शून्यावर आला असेल तर पुढच्या सेशनची सुरुवात तिथून.